मशीन काढल्यावर ऐकलेला आवाज

आमच्या घरात कुणी भुताचा विषय काढला की पप्पा आधी टीव्ही बंद करतात, कारण आता लेक्चर होणार असतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून "हिच्या घरी वातावरणच तसलं असेल" असं कुणी म्हणायला नको. आम्ही मरोळला राहतो. घर बौद्ध. देव्हारा नाही, लिंबू-मिरची नाही, अमावस्या कधी येते ते कॅलेंडर बघून कळतं. पप्पा दर रविवारी विहारात मुलांना बुवाबाजीच्या युक्त्या उघड्या करून दाखवतात — नारळातून आग कशी काढतात, जिभेतून तार आरपार कशी गेल्यासारखी वाटते वगैरे. लहानपणापासून मी त्यांची असिस्टंट. आग पेटवायचं काम माझं. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आले... सॉरी, पण खरं तेच सांगतेय.

आता माझ्याबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला जन्मापासून ऐकू येत नाही. लहान असताना कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. त्यात एक भाग कवटीच्या आत बसवतात आणि एक भाग बाहेर, कानामागे लावायचा असतो. बाहेरच्या भागाला वायरने जोडलेलं एक गोल बटण असतं, त्यात चुंबक असतं, ते डोक्याला चिकटतं. या सगळ्याला आम्ही घरात नुसतं 'मशीन' म्हणतो. मशीन लावलं की मला ऐकू येतं, बोलता येतं, भांडता तर झकास येतं. मशीन काढलं की काहीच नाही. म्हणजे कमी नाही, काहीच नाही. शेजारी फटाक्यांची माळ लावली तरी मला फक्त धूर दिसतो.

मला बोलायला मम्मीने शिकवलं. थेरपीच्या बाई आठवड्यातून एकदा भेटायच्या, बाकीचे सगळे दिवस मम्मीचे. माझा तळहात स्वतःच्या गळ्यावर ठेवायची आणि एकेक शब्द म्हणायची, म्हणजे त्याची थरथर हाताला कळायची. "मनू, पाणी." "मनू, चपाती." मी काहीतरी भलतंच म्हटलं की ती हसायची, आणि हसताना तिचा गळा कसा हलतो तेही माझ्या हाताला पाठ झालं होतं. दोन वर्षांपूर्वी मम्मी गेली. काविळीचं निमित्त झालं.

यंदा मला सांगलीकडच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, हॉस्टेलही मिळालं. आमच्या घरातून हॉस्टेलला जाणारी मी पहिलीच. पप्पा इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंग खात्यात आहेत, त्यामुळे माझ्या सामानाला त्यांनी मला हातसुद्धा लावू दिला नाही. बादलीत मग, मगात साबणाची डबी, डबीत सेफ्टी पिना. उशी हवा काढून प्लास्टिकमध्ये दाबलेली. पुस्तकांच्या खोक्यावर मार्करने माझं नाव आणि बाण काढून 'ही बाजू वर'.

"पप्पा, मी काय स्पेअर पार्ट आहे का?"

"गप गं. तिकडे पोचल्यावर एक चमचा जरी वाकडा निघाला ना, तर बोल."

बस संध्याकाळची होती, हायवेवरून. कॉलेजमध्ये हजर व्हायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवसाची. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, प्रवासाला निघायच्या आधी केस धुऊन घेते. मशीन काढून बेडवर ठेवलं आणि आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर बेडवर मशीन नाही.

आधी मी फार मनावर घेतलं नाही. चादर झटकली, बेडखाली बघितलं, पप्पांना खुणेने विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ते मगाचपासून बेडवरचं सामान उचलून भरत होते ना! मग काय, बांधलेलं सगळं सोडायला घेतलं. बॅग उपडी केली. खोक्याची टेप फाडली. उशीचं प्लास्टिक कापलं. एकेक सॉक्स उलटा केला, कचऱ्याची पिशवी जमिनीवर ओतली. समोरच्या परब काकू मध्ये येऊन गेल्या होत्या, त्यांच्याकडेही पप्पा जाऊन विचारून आले. त्यांना काही माहीत नव्हतं.

वाट लागली होती. जुनं मशीन केव्हाच बंद पडलेलं, नवीन यायला किती आठवडे लागतील देव जाणे — म्हणजे कंपनी जाणे. मशीनशिवाय मी अनोळखी गावात, अनोळखी मुलींमध्ये जाऊन काय करणार होते? आणि उद्या हजर झाले नाही तर सीट गेली. मी जमिनीवर, त्या पसाऱ्यात बसले आणि रडायला लागले. पप्पा माझ्यासमोर गुडघे टेकून बसले. मशीन नसताना मी ओठ वाचते. त्यांचे ओठ म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ." ते म्हणताना त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. ते पुन्हा वळले आणि शंभरदा तपासलेल्या बॅगेत हात घालून चाचपत राहिले.

आणि तेव्हा मला ऐकू आलं.

"मनू, डबा उचल ना."

मला हे नीट सांगता येईल का माहीत नाही. तुम्हाला आवाज ही रोजची गोष्ट आहे. मला मशीनशिवाय आवाज म्हणजे काय हेच तोवर माहीत नव्हतं. तो आवाज कानामागून आला नाही, डोक्यात वाजला नाही. तो खोलीत होता, स्वयंपाकघराच्या दारापाशी, आणि त्याच्या मागेपुढे दुसरं काहीच नव्हतं. पंखा नाही, रस्ता नाही, तेवढे चारच शब्द. जाडसर आवाज, बाईचा वाटू नये इतका खालचा, आणि शेवटच्या 'ना'ला किंचित फाटलेला. मी असा आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. तरी माझ्या तळहाताला तो ओळखीचा वाटला. खरंच सांगते, उजव्या हाताचा तळवा थरथरला. घाबरावं हे मला सुचलंच नाही. अंगावर काटा होता, पण भीतीचा नव्हता... कुणीतरी एकदम खूप मोठं दार उघडावं आणि आत नुसता उजेड असावा, तसं काहीसं वाटलं.

दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

मी उठले. कुठला डबा हेही मला विचारावंसं वाटलं नाही. लोखंडी कपाटाच्या वर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, जो आंघोळीला जाताना तिथे नव्हता. स्टुलावर चढून मी तो उचलला आणि खालून हात फिरवला. बुडाला मशीन चिकटलेलं होतं.

नंतर सगळा उलगडा झाला, तो अगदी साधा. परब काकू लाडवांचा डबा घेऊन आल्या आणि त्यांनी तो बेडवर ठेवला, नेमका मशीनवर. चुंबक पत्र्याला चिकटलं. पप्पांना डब्यासाठी बॅगेत जागा होईना, म्हणून त्यांनी तो जसाच्या तसा कपाटावर ठेवून दिला. इथवर सगळं ठीक आहे.

मी मशीन लावलं आणि पप्पांना सांगितलं. त्यांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे लगेच उत्तर दिलं, "डबा तू डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितला असशील. ताणात होतं असं."

"बघितला असेन. पण पप्पा, आवाज..."

"कसला आवाज?"

मी सांगितला. जाडसर, खालचा, शेवटी फाटणारा. पप्पा खोक्यावर बसले, त्या 'ही बाजू वर'वाल्या. मग म्हणाले, "तुला हे कुणी सांगितलं?"

"काय?"

"तिचा आवाज घोगरा होता गं. लहानपणी घसा बसला तो कायमचा. लग्न ठरल्यावर मी पहिला फोन केला, तर मला वाटलं मेहुणाच बोलतोय. दाजी म्हणून हाक मारेल म्हणून वाट बघत बसलो." ते हसले आणि हसता हसता रडायला लागले. "लग्नाकार्यात गायला सांगितलं की लाजून आत जायची. तुला कशाला सांगणार होती?"

मला यातलं काही माहीत नव्हतं. मशीनमधून मला सगळ्या बायकांचे आवाज जवळजवळ सारखेच, बारीक येतात. कमेंटमध्ये विचाराल म्हणून आधीच सांगते — पप्पांच्या फोनवर मम्मीचे काही व्हॉइस मेसेज आहेत. मी ते ऐकलेत, मशीन लावूनच. त्यातही ती बारीकच आहे.

तेवढ्यात परब काकू मशीन मिळालं का बघायला आल्या आणि सगळं ऐकून दारातच बसल्या. "आवशीचो जीव गो तो, खंय जातलो?" म्हणाल्या, म्हणजे आईचा जीव तो, जाणार कुठे. एरवी पप्पांनी त्यांना तासभर तरी सुनावलं असतं. या वेळी त्यांनी काकूंना पाणी दिलं आणि माझं खोकं पुन्हा टेप लावून बंद करायला घेतलं.

माझ्या ऑडिओलॉजिस्टना मी नंतर विचारलं. ऐकू न येणाऱ्यांचा मेंदूही कधी कधी स्वतःच आवाज तयार करतो, असं त्या म्हणाल्या. पटतं मला. पण जो आवाज मेंदूने कधी ऐकलाच नाही, तो त्याने इतका बरोबर कुठून तयार केला? यावर त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही." मलाही येत नाही. मी अजूनही भुतं मानत नाही, आणि मला काय झालं हेही मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की माझ्या आईचा आवाज कसा होता ते आता मला ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं ते मला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही घराला कुलूप लावलं. पप्पा मला सोडायला सांगलीपर्यंत येणार होते. खाली रिक्षात सामान चढलेलं. जिन्यापर्यंत जाऊन पप्पा मागे वळले, कुलूप काढलं आणि उंबऱ्यातून आत बघत मोठ्याने म्हणाले, "सुनंदा, मनू निघाली गं."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मशीनकडे बोट दाखवून, एखाद्या लहान मुलासारखं अवघडून म्हणाले, "जरा काढून बघतेस?"

मी मशीन काढून मुठीत धरलं आणि दारात उभी राहिले. पप्पांची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. त्यांच्याइतके चांगले कान मला मिळाले असते तर मी काय केलं असतं, असा विचार आयुष्यात अनेकदा केलाय, पण त्या क्षणी माझे कान पप्पांना हवे होते. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलले. "काय म्हणाली?"

"नीट जा म्हणाली," मी म्हटलं. "आणि पप्पांना वेळेवर जेवायला सांग म्हणाली."

त्यांनी मान डोलावली, डोळे पुसले आणि कुलूप लावलं.

एवढं मात्र मी मनाचं सांगितलं होतं. दारात मला काहीच ऐकू आलं नव्हतं.