नणंदेची माती

माझ्या नातवाला मुलगी झाली. बाळंतीण माहेरी, औश्याला, म्हणून बारसंही तिथंच ठरलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा आणि आत्या म्हणजे माझी नात. तिनं ते नाव कुणालाच सांगितलं नव्हतं, मला तर नाहीच. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बाकीची मंडळी आदल्या दिवशीच गेली. नातीला सुटी नव्हती, म्हणून बारशाच्या सकाळी नांदेडहून आम्ही दोघीच तिच्या गाडीनं निघालो. माळाकोळी मागं पडली आणि गाडीचा क्लच गेला. पायडल जे खाली गेलं ते वर येईना. गाडी कशीबशी कडेला जाऊन थांबली. आधी नातीनं गाडीला शिव्या दिल्या, मग कंपनीला, मग मला. मी म्हणे निघताना दही-साखर खाताना शिंकले होते.

विम्याबरोबर गाडी बिघडल्यावर मदतीचीही सोय असते. तिथं तिनं फोन लावला. पलीकडची पोरगी फार गोड बोलली आणि माणूस कधी येईल ते सोडून सगळं सांगितलं. तेवढ्यात औश्याहून माझ्या नणंदेचा फोन. ती माझ्याच वयाची, माझ्याइतकीच खवट.

"या सावकाश," ती म्हणाली. "ऊन कलायच्या आत नाव ठेवायचंय. तुम्हाला उशीर झालाच तर आमची पोरगी हाय की. तीबी आत्याच लागती."

तिची नात आधीच तिथं पोचली होती आणि तिनंही मोबाइलवरून एक नाव शोधून ठेवलं होतं. फोन ठेवल्यावर माझ्या नातीच्या डोळ्यांत पाणी आलं. एकुलत्या भावाचं पहिलं लेकरू. मुलगीच होणार म्हणत नऊ महिने तिनं ते नाव धरून ठेवलेलं.

"खाली उतर," मी म्हणाले. "हात दाखवू कुणाला तरी."

"वेडी झालीस का, आज्जी? कोण कसा असतो, कळतं का?" असं म्हणून तिनं दारं आतून लावून घेतली.

मला हसू आलं. पोरगी कुणावर गेली ते कळलं. माझं नवीन लग्न झालेलं, तेव्हा नायगावच्या रस्त्यावर आमच्या ह्यांची स्कूटर बंद पडली होती. एक धिप्पाड माणूस सायकलवरून उतरला आणि मदत करू का म्हणाला. मी त्या काळी फार हुशार. ह्यांनी पाठ फिरवली तशी हातातल्या पाटल्या काढल्या आणि जेवणाच्या डब्यात, झुणक्याच्या खाली दाबून टाकल्या. चोर डबा कशाला उघडेल, असा माझा हिशेब. त्या माणसानं उन्हात बसून स्कूटर चालू करून दिली. ह्यांनी खूश होऊन त्याला जेवायला बसवलं आणि डबा त्याच्याच पुढं केला. मी तोंडात पदर कोंबून बसले. दोन घास झाले आणि त्याच्या बोटाला पाटली लागली. त्यानं ती बाहेर काढली, पाण्यानं धुतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "वहिनी, मीठ बरोबर हाय. हे जास्तीचं पडलंय." आमचे हे पुढं मरेपर्यंत झुणका केला की विचारायचे, आज सोनं घातलंय का.

तर अशा बाईची ही नात. मीच दार उघडून उतरले आणि हात वर केला. गाड्या सुसाट चाललेल्या. पूर्वी हा रस्ता एवढासा होता, समोरून एस.टी. आली की दुसऱ्याला थांबावंच लागायचं. थांबलं की माणूस बोलायचा. आता चार पदरी झालाय. कुणाला थांबायचं कारणच उरलेलं नाही. एक-दोघांनी वेग कमी केला, मला न्याहाळलं आणि पुढं गेले. त्यांना नावं ठेवायला तोंड उघडलं आणि आठवलं, रस्त्यात बाई हात करत असेल तर थांबू नका, मागं टोळी दबा धरून असते, असा एक मेसेज गेल्याच महिन्यात मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. हात जोडलेलं चित्र लावून.

ऊन चढलं. मी डोक्यावरून पदर घेतला. नात शेवटी वैतागून बाहेर आली आणि माझ्याशेजारी उभी राहून रडायलाच लागली. तशात एक पिकअप थांबली. तिच्यात रिकाम्या कॅरेटांचा खच होता आणि पुढं नवरा-बायको. बायकोनं खिडकीतून आमच्याकडं बघितलं. पदर घेतलेली म्हातारी, रडणारी पोरगी. तिनं हळूच विचारलं, "मातीला निघालाव का, माय?"

आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात. मातीला निघालेल्या माणसाला कुणी अडवत नाही.

मी "हूं" म्हणाले. नुसतं हूं.

त्या हुंकाराबरोबर सगळं हललं. नवऱ्यानं उतरून आमची गाडी ढकलत जवळच्या ढाब्याच्या आवारात लावली, मालकाला किल्ली दिली आणि म्हणाला, "मातीवाल्याची गाडी हाय, बघून राहा." बायकोनं कुठं जायचं ते विचारून मला हाताला धरून वर चढवलं. आम्ही चौघं पुढं दाटीवाटीनं बसलो. त्यानं गाणी बंद केली. तिनं केसातला गजरा काढून समोरच्या कप्प्यात ठेवला.

"आम्ही चाकूरपस्तोरच होतो," तो म्हणाला. "पर सोडतो औश्याला. मातीला उशीर नको."

"कोण गेलं, माय?" बायकोनं विचारलं.

मला दुसरं कुणी सुचलं नाही. "नणंद," मी म्हणाले.

नातीनं मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत खरंच पाणी आलं. ते बघून त्या बाईनं माझा हात हातात घेतला. "लई जीव असंल," ती म्हणाली. मी मान हलवली. माझी नणंद त्या वेळी औश्यात नवं लुगडं नेसून जिलेबी खात असणार.

अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. तो वाऱ्यासारखी गाडी हाणत होता. नात एकसारखी आभाळाकडं बघायची, सूर्य कुठं आलाय ते. मला वाटायचं सांगावं. मग वाटायचं, इथं उतरवून दिलं तर? माझं काय, मी झाडाखाली बसेन. पण पोरीचं काय?

लातूरमध्ये शिरलो आणि त्यानं गाडी फुलवाल्यापाशी थांबवली. खिशात हात घालत उतरायला लागला.

"कशाला, दादा?" मी विचारलं.

"हार घेतो. मोकळ्या हातानं कसं जावं मातीला."

आता मात्र माझ्यानं राहवेना. मी त्याचा शर्ट धरला आणि सगळं सांगून टाकलं. बारसं, आत्या, नाव, नणंद. तो अर्धा उतरलेला तसाच थांबला. नातीनं डोळे मिटून घेतले.

बायको म्हणाली, "म्हंजे नणंद जित्ती हाय."

"हाव."

"कशी हाय?"

"लई खाष्ट."

तिनं तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. नवरा हसला नाही. आत बसला, दार ओढलं. "ही पोरगी आत्या हाय न्हवं?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. त्यानं गाडी काढली. औश्यापर्यंत गाणं काही लावलं नाही.

दारात मांडव, आत बायकांचा पाळणा सुरू. नात चप्पल न काढता आत धावली. नणंद उंबऱ्यात उभी होती. "आलाव का? मला वाटलं वाटंतच खपलाव," ती म्हणाली. त्या बाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, मला विचारलं, "ह्याच का?" आणि बायकांत शिरून पाळणा म्हणायला लागली.

मी आत जायला हवं होतं. पण तिचा नवरा पिकअपपाशीच उभा होता, फडक्यानं काच पुसत. तिच्यावर धूळही नव्हती.

"दोन घास खाऊन जा, दादा."

"न्हाई, माय."

"राग आला?"

"राग न्हाई." तो काच पुसतच राहिला. "माती म्हणलं की मी काही इचारत न्हाई. कुणाची बी असू द्या, गाडीत घेतो. आता इचारावं लागंल. पर मातीला निघालेल्या माणसाला काय इचारावं?"

आतून नातीचा आवाज आला, "कुर्रर्र," मग बायकांचा गलका आणि हसणं. नाव त्या गलक्यात बुडालं.

"काय ठेवलं?" त्यानं विचारलं.

"ऐकू न्हाई आलं."

"जा की मग आत."

त्याची बायको काही बाहेर येईना. तो गाडीला टेकून तिची वाट बघत राहिला आणि मी त्याच्याशेजारी उभी. आत जायला पाय निघत नव्हता.