चार इंचाचं तोंड

बापू गेल्याची बातमी मला गारगोटीत कळली. परीक्षेच्या कामासाठी गेलो होतो. कोल्हापूरहून आलेल्या एसटीतून उतरलेल्या एका ओळखीच्या माणसानं स्टँडवरच सांगितलं, "मास्तर, उद्यमनगरातला बापू मिस्त्री गेला की आज सकाळी." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "पाण्यात?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "पाण्यात कशाला? हार्टनं गेला, खुर्चीत बसल्याजागी." मी तिथल्याच बाकावर बसलो. मित्र गेल्याचं दुःख व्हायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं. अठरा वर्षं मी एका बातमीला भीत आलो होतो, आणि ती आता कधीच येणार नव्हती.

बापू लेथवरचा माणूस. मी हायस्कुलात चित्रकला शिकवत असे आणि शाळा सुटल्यावर त्याच्या शेडमध्ये जाऊन सुट्या भागांची ड्रॉइंगं काढून देत असे, इंग्रजी कागद वाचून दाखवत असे. त्याचा कागदावर काडीचा विश्वास नव्हता, माझा जरा जास्तच होता. एकदा बेळगावच्या पलीकडचा एक कंत्राटदार ट्रकातून एक यंत्र घेऊन आला. नदीच्या तळाची वाळू पाण्यासकट पंपानं ओढायची आणि काथ्याच्या चटया अंथरलेल्या उतरत्या पन्हळीवरून सोडायची. सोनं जड, ते चटईत अडकतं, वाळू वाहून जाते. अडचण एवढीच होती की ओढायच्या पाइपाचं तोंड सहा इंची होतं आणि तिकडच्या परवान्यात चार इंचांच्या वर परवानगी नव्हती, नाहीतर म्हणे नदीचे काठ ढासळतात. परवाना देणारा साहेब स्वतः माप घ्यायला येणार होता. बापूनं जाड लोखंडी कडं चार इंची कातून त्या तोंडावर वेल्डिंग केलं आणि कड्यात मधोमध एक आडवी सळई बसवली.

कंत्राटदार कुरकुरला, सळईला दगड अडकतील म्हणाला. बापू म्हणाला, "तोंड बारीक केलं की ओढ वाढती, पावणं. वाळू चाचपताना माणसाचा हात गेला म्हंजे?" दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी परवाना पुन्हा वाचला आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "यात सळईचा उल्लेख कुठंही नाही. साहेब हरकत घेईल." पंपातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. बापूनं सळईवरून एकदा अंगठा फिरवला. "तुम्ही वाचून सांगताय म्हंजे असंल..." म्हणाला आणि त्यानं करवत घेऊन सळई कापून काढली.

चाचणी पंचगंगेत घ्यायची ठरली. तिथं सोनं कुठलं, नुसती ओढ बघायची होती. सकाळची वेळ. बापू छातीभर पाण्यात, पाइपाचं तोंड हातात धरून वाकलेला. मी आणि कंत्राटदार काठावर इंजिनपाशी. पन्हळीवरून गढूळ पाणी धो धो पडायला लागलं. थोड्या वेळानं इंजिनचा आवाज बदलला, हलका झाला. आमच्या भागात घरोघरी विहिरीवर इंजिनं. ओझं उतरल्यासारखा तो आवाज आला की माणूस खूश होतो. कंत्राटदार म्हणाला, "आता मोकळं चाललंय बघा री, मास्तर." मी मान हलवली. हसलोसुद्धा...

मग माझं लक्ष पन्हळीकडे गेलं. पाणी थांबलं होतं. चटया उघड्या पडल्या होत्या. इंजिन मोकळं झालं होतं, कारण पाइपाचं तोंड बंद झालं होतं. मी नदीकडे बघितलं. बापूचं डोकं दिसत नव्हतं. एक हात तेवढा वर होता आणि पाण्यावर आपटत होता. मी ओरडलो, इंजिनकडे धावलो, पण बंद कुठून करतात तेच मला आठवेना. कंत्राटदारानं मला ढकलून डिझेल तोडलं. तरी ते जड चाक फिरतच राहिलं. थांबेना. ते किती वेळ फिरलं ते मला सांगता येणार नाही. अजून विहिरीवरचं इंजिन बंद होताना ऐकलं की माझे पाय गार पडतात.

चाक थांबलं तसा बापू वर आला, काठावर पालथा पडला, पाणी ओकला. तळहातावर काळानिळा गोल वळ उठला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "माप बरोब्बर हाय, मास्तर." आणि हसला. दुपारी त्यानं सळई परत बसवली. कंत्राटदाराला सांगितलं, "हिच्यासकट न्यायचं असलं तर न्या, न्हाय तर हितंच ऱ्हाऊ दे." यंत्र गेलं, पासही झालं. साहेबानं सळईचं नावसुद्धा काढलं नाही म्हणे.

त्यानंतर आम्ही तो विषय कधी काढला नाही. बापू नदीवरच्या पंपाच्या कामाला गेलाय असं कळलं की वर्गात माझं चित्त लागत नसे. शिपाई दाराशी आला की हातातला खडू फळ्यावर तसाच थांबायचा. माफी मात्र मागितली नाही. रोज उद्यावर ढकलत राहिलो, दुसरं काय?

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी मोरीत हात धुवायला गेलो तर पाणी जायच्या भोकावर एक आडवी सळई. टाकीच्या तोंडावर तशीच. गच्चीच्या पन्हळीलाही.

"ह्यांनीच बसवल्यात," वहिनी म्हणाल्या. "नातवंडं हात घालतील म्हणायचे. न्हाणीला आतनं कडी कधी लावली न्हाय. नदीवर कामाला जायचे, पर काठावर उभं ऱ्हाऊन. पाण्यात पाय म्हणून घातला न्हाय."

मी त्याला निधड्या छातीचा समजत होतो.  म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी सळई मी काढायला लावली होती."

त्या चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. त्याच दिवशी सांगितलंतं त्यांनी. म्हणाले, मास्तरांपुढं ह्यो विषय कधी काढू नगंस. आधीच लई भ्यालंय ते."

मी परत मोरीत गेलो. हात धुऊन झाले होते, तरी नळ सोडला आणि पाणी सळईच्या दोन्ही अंगांनी खाली जाताना बघत उभा राहिलो.