पलगे की पोलगे

मार्ताचा फोन आला तेव्हा मी जळकोटला हायवेवर एसटीची वाट बघत उभा होतो. जर्मनीत आम्ही तिघं एकत्र शिकलो. मी गावी परतलो. ती आणि लोहाऱ्याचा किरण तिकडंच राहिले. ही स्पेनची पोरगी एकदा बोलायला लागली की थांबत नसे. त्या दिवशी मात्र ‘किरान… किरान…’ एवढंच म्हणत राहिली. तिला त्याचं नाव कधी नीट घेता आलं नाही, आम्ही त्यावरून तिला चिडवायचो. किरण गेला होता; दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं, हे मला नंतर कळलं. एसटी आली आणि गेली. मी तिथंच उभा होतो.

आम्ही दोघं एकाच जिल्ह्यातले, पण ओळख झाली सातासमुद्रापार, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. तो ठेचा कुटत होता आणि मी वासावर गेलो. तेव्हापासून तो मला ‘पाव्हणं’ म्हणायचा. स्वभावानं वात्रट, पण खाण्याच्या बाबतीत भाविक. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघांनी सुट्टीला जोडून प्राग बघायचं ठरवलं, आणि नेमकी त्याच दिवशी येळवस आली. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळअमावस्या. रानात कडब्याची खोपटीसारखी कोप करायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे, आंबील शिंपत पिकातून फेरा घालायचा आणि वाटेनं जाईल त्याला हाक मारून जेवू घालायचं. किरणनं आईनं दिलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील केली, बाटलीत भरली, झाकण आवळलं आणि बाटली बसच्या हीटरशेजारी ठेवली. आंबील ती, फुगणारच. वाटेत बाटली फुटली आणि आमच्यासकट पुढची रांगही न्हाऊन निघाली. ड्रायव्हर कुठल्याशा भाषेत शिव्या घालत होता आणि हा शांतपणे म्हणाला, की चला, बसचा फेरा तर झाला. माझ्या त्या जॅकेटला अजून आंबूस वास येतो. धुवायला काढतो आणि परत तसंच ठेवतो.

पूल पाहिला, बाहुल्यांचं घड्याळ पाहिलं, बटाट्याचं सूप प्यालो, नळकांड्यासारखा गोड पाव खाल्ला… पण किरणचा जीव बाटलीच्या तळाशी उरलेल्या आंबलीत अडकलेला. शेवटी एका टेकडीवर, बर्फातल्या बाकावर आम्ही धपाटे मांडले आणि तो भोवती आंबील शिंपत फिरू लागला, ‘व्हलगे व्हलगे सालम पलगे’. मी म्हटलं, पलगे नव्हे, पोलगे; आमच्या जळकोटात पोलगे म्हणतात. झालं, जुंपली. मार्तानं अर्थ विचारला, तो दोघांनाही ठाऊक नव्हता. बाप म्हणतो, आजा म्हणायचा, म्हणून पलगे, एवढंच त्याचं म्हणणं. कुत्र्याला फिरवणारा एक म्हातारा बघत थांबला. किरणनं त्याला मराठीतच हाक मारली, ‘या, जेवायला या.’ आणि तो खरंच आला. धपाटे खाल्ले, टोपी काढून मान लववली आणि गेला. परतताना किरण मला म्हणाला,

“फुडल्या येळवशीला आमच्या रानात या, पाव्हणं. पलगे म्हनल्याबिगर ताट मिळनार न्हाय.”

ती येळवस परवा झाली. मी गेलो. दुखवट्यात सण कसला, असं भावकी म्हणत होती, पण किरणच्या आईनं ऐकलं नाही. काकू म्हणाल्या, “रानाला काय ठावं, कोन गेलं ते.” कोपीत बसवून त्यांनी मला प्रागचं सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. थंडी किती होती, किरणनं काय खाल्लं, आणि तो म्हातारा… पोटभर जेवला का? मी हो म्हटलं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मला रडू आवरेना.

जर्मनीला जाईपर्यंत फेरा दरवर्षी किरणच घालायचा. त्याच्या वडिलांनी आंबलीचं मडकं उचललं, दोन पावलं टाकली आणि ते माझ्या हातात दिलं. मी ज्वारीत शिरलो. तोंडातून लहानपणापासूनचं तेच आलं, ‘व्हलगे व्हलगे सालम पोलगे’.

“पलगे,” मागून काकूंचा आवाज आला. “आमचा किरण पलगे म्हनायचा.”

मी पलगे म्हटलं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, मला कोप दिसेना. पलीकडून आता कुणीतरी वाद घालेल असं वाटून मी जागीच थांबलो… पानं तेवढी सळसळली. तेवढ्यात हाक आली, ‘या, जेवायला या.’ तीच चाल, ‘या’ लांबवायची तीच लकब. अंगावर सर्रकन काटा आला. धावत बाहेर आलो, तर काकू बांधावर उभ्या राहून रस्त्याकडं बघत हाक मारत होत्या. रस्त्यावर कुणीच नव्हतं.