आधी पोरं उडवायची

घर शोधणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप टेबलावर येऊन पडतात! आमच्या निखिलचे तर इतके साठलेत की कुठला आधी सांगू असं होतं.

आमचं ऑफिस म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला. भाड्याच्या घरांच्या एका वेबसाइटसाठी आम्ही सर्च बनवतो. निखिलची बायको केतकी आणि चार वर्षांची इरा पुण्यात, हा इथे एका खोलीत. म्युनिकमध्ये तिघांपुरतं घर मिळालं की त्या दोघी येणार. म्हणजे दिवसभर जगासाठी घरं शोधायचा प्रोग्रॅम लिहायचा आणि त्यातच स्वतःसाठी घर हुडकायचं. पाय सतत हलतोय, बोट सतत रिफ्रेशवर. "मेधाताई, नवीन काही आलंय का बघतो हं जरा." अरे, आत्ताच तर बघितलंस!

*

एका दुपारी हा ओरडलाच. "तीन खोल्या, बाल्कनी, आणि भाडं बघा! चक्क परवडतंय!" जॅकेट अडकवून पळाला. परत आला तेव्हा तोंड एवढंसं झालेलं.

झालं होतं असं, की त्या इमारतीत तीन खोल्यांचं घर होतं, ते महाग. स्वस्त जागाही होती, ती गाडी लावायची! आमच्या सर्चने इमारतीतलं सगळं एकाच पातेल्यात ओतलेलं. खोल्या एकीच्या, भाडं दुसरीचं.

"कोड कुणाचा रे?" मी विचारलं.

"माझाच," म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

*

मग त्याने इरेला पेटून ते दुरुस्त केलं. आता प्रत्येक जागेच्या अटी तिच्यापुरत्याच तपासल्या जाणार. आमची बॉस आंके खूश. "गेनाऊ! अस्संच हवं होतं!" निखिलने लगेच स्वतःच्या अटी टाकल्या.

शून्य घरं.

"ताई, बग होता तेव्हा निदान आशा तरी होती हो!"

मी हसले. पण तिकडे इरा रोज फोनवर विचारते, "बाबा, घर मिळालं?"

*

नव्या रचनेत इमारतीची नोंद वेगळी, आतल्या घरांची वेगळी. इमारत म्हणजे पेरेंट, घरं म्हणजे चाइल्ड. आम्ही दोघं आपले मराठीत आई आणि पोरं म्हणतो. एका मालकाने जाहिरात काढून घेतली. इमारतीची नोंद उडाली, घरं मात्र सर्चमध्ये तशीच! निखिलने नेमका त्यातल्याच एका घरासाठी अर्ज केला. उत्तर आलं, असं घर आता नाही.

संध्याकाळी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्येही त्याचा संताप उतरेना.

"आई उडवली की पोरं अनाथ होऊन भटकतात, ताई! मी ठरवलंय, आधी पोरं उडवायची, मग आईला!"

"आणि एखादं राहिलं तर?"

"शोधून शोधून उडवीन!"

समोरच्या बाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली. उतरताना निखिलकडे बघून स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "लाज नाही वाटत?"

तो काही बोलेपर्यंत दार बंद झालं.

*

परवाच्या शनिवारी त्याला एकदाची बेजिष्टिगुंग मिळाली, म्हणजे घर बघायचं बोलावणं. मालकांचं आडनाव जर्मन, म्हणून जर्मन बोलायला सोबत मी. बेल वाजवली. दार उघडलं.

त्याच बाई!

निखिल पांढराफटक. "काकू, ते... ते कॉम्प्युटरमधलं होतं..."

"ते राहू द्या. मुलंबाळं आहेत तुम्हाला?"

"एक मुलगी. पुण्यात असते."

"आहे ना अजून? दाखवा मला. आत्ता!"

त्याने व्हिडिओ कॉल लावला. इरा तोंडात लाडू कोंबून स्क्रीनवर आली. काकूंनी फोन हातातून काढूनच घेतला.

"काय गं बाळ, तुझे बाबा तुला उडवणार आहेत म्हणे?"

"होऽऽ!" इराने टुणकन उडी मारली. "विमानातून! घर मिळालं की लग्गेच!"

काकूंनी फोन परत दिला. मग निखिलला म्हणाल्या, "बूट तिथे काढ. चहा टाकते."