जागेवाल्याचं नाव
खोबरेलात जळणाऱ्या वातीचा वास आला की मला गोव्यातल्या हळर्णचं ते कुळागर, ती पोफळी-माडांची बाग आठवते. आमच्या मूळपुरुषाने तिथे रान तोडून वस्ती केली आणि पुढे घराणं साखळीला आलं, एवढंच आम्ही ऐकून होतो. बाबांनी जुन्या पोर्तुगीज दस्तांतून त्याचं नाव शोधून काढलं, पण त्याच्या स्मरणाचा दगड कुठे आहे ते कळेना, म्हणून एका दुपारी आम्ही दोघं गावात विचारत फिरलो. कुणीतरी ओढ्यापलीकडचं कुळागर दाखवलं. रान माजलं असेल असं धरून मी चालले होते, तर पोफळींच्या गार सावलीत एक बिनअक्षरी दगड उभा, भोवती ताजं सारवलेलं, माथ्यावर अबोलीचा वळेसर आणि पुढ्यात पणती. जागा केव्हाच दुसऱ्या कुटुंबाकडे गेली होती. “हा तुमचा कोणी नव्हे, मग दिवा कशाला?” बाबांनी तिथल्या म्हातारीला विचारलं. “आमी येवच्या आदी हय कोणीतरी रान मारल्यान. तेका काळोखात कसो ठेवतलव? आमी तेका जागेवालो म्हणतव,” ती म्हणाली, आणि मग तिने विचारलं, “तेचा नाव काय ओ?” बाबांनी सांगितलं. तिने तेलाची वाटी त्यांच्या हातात दिली, हात जोडले, आणि त्या दगडाला पहिल्यांदाच नावाने हाक मारून म्हणाली, “तुजी माणसा इली रे.” बाबांनी पणतीत तेल ओतलं. आज घरी दिवा लावताना मी मूळपुरुषाआधी त्या म्हातारीला हात जोडते. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून नुसतं ‘जागेवाली’ म्हणते.