तांबं महागलं त्या वर्षी

आमचं घर गुरवाचं. टिटवाळ्याजवळच्या आमच्या गावात देवळाची पूजा आमच्याकडे होती आणि गावजेवणाची तीन मोठी तांब्याची पातेलीही आमच्याच पडवीत असत. कुणाकडे लग्न निघालं की लोक ती घेऊन जात, घासून परत आणून ठेवत. माझ्या सासूबाईंच्या सासूने घरोघर फिरून प्रत्येक बाईकडून माहेरचं एकेक भांडं मागून घेतलं होतं आणि कल्याणच्या तांबटाकडून ती सगळी वितळवून ही पातेली घडवून आणली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर तांब्याचा भाव चढू लागला. विलायतेत कुणीतरी मिळेल तेवढं तांबं विकत घेऊन कोठारांत कोंडतोय, असं कल्याणहून येणारे सांगत. तिथल्या तांबटांची ठोकठोक बंद पडली. जुनी भांडी मोडीत घेणारे व्यापारी मात्र बैलगाड्या घेऊन खेडोपाडी फिरू लागले.

एका संध्याकाळी माझे यजमान देवळातल्या बैठकीहून आले आणि खाली मान घालून म्हणाले, "आई, पातेली विकायचं ठरलंय. देवळावर नवी कौलं घालणार."

"कुणाचं ठरलं?"

"गावाचं."

"मी गावाची नाही का?" एवढंच विचारून सासूबाई चुलीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. पातेली अख्खी गाडीत मावणार नव्हती, म्हणून त्याने फोडायला घण आणला होता. पाटील आणि चार पुढारी सोबत होते. सासूबाईंनी पदर खोचला आणि सरळ मधल्या पातेल्यात जाऊन बसल्या. मला म्हणाल्या, "अगं, बघतेस काय? बस." मी शेजारच्या पातेल्यात बसले. उठायचं नाही हे मनाशी पक्कं होतं.

व्यापारी हसत म्हणाला, "माणसांसकट वजन करू काय?"

"कर," सासूबाई म्हणाल्या. "भावही माणसाचाच दे."

"वहिनी, सगळ्यांनी ठरवलेलं तुम्ही मोडताय," पाटील चिडून म्हणाले. "यंदा तुमचे पूजेचे दाणे बंद होतील."

"करा बंद."

तेवढ्यात गलका ऐकून पाटलीणबाई आल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "माझ्या आजेसासूची कळशी आहे यात," म्हणाल्या आणि तिसऱ्या पातेल्यात बसल्या. मग घण उचलायला कुणी पुढे होईना. उन्हं डोक्यावर आली तसा व्यापारी कंटाळून गाडी वळवून निघून गेला.

दाणे खरंच बंद झाले. पूजेबद्दल घरोघरून सुगीला येणारं भात त्या वर्षी आलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. परसदारी बायका सूपभर, ओंजळभर आणून ओतत, त्यावर आम्ही दिवस काढले. यजमान एकदा म्हणाले, "पाटलांची माफी मागून मोकळं व्हावं." सासूबाईंनी त्यांना नुसतं जेवायला वाढलं.

वर्ष उलटलं आणि पुढच्या शिमग्याच्या सुमारास तांबं एकदम कोसळलं. विलायतेतली कोठारं फुटली आणि कोंडलेलं तांबं बाजारात आलं म्हणे. मोडीचा कुणी व्यापारी पुन्हा फिरकला नाही. त्याच वैशाखात पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं आणि पातेली न्यायला चार माणसं आली. त्यांतला एक पुढारी पडवीत उभा राहून म्हणाला, "तेव्हा विकली असती, तर आज त्याच पैशांत सहा आली असती."

हिशेब खोटा नव्हता. मलाही तो पटत होता.

सासूबाई म्हणाल्या, "सहा आली असती, की कौलं आली असती? आणि मधल्या वर्षात गावात पाच लग्नं झाली. ती वऱ्हाडं कशात जेवली असती, ते सांग."

त्याने वाकून पातेल्याचा काठ धरला. लग्नानंतर पाटलांकडून दाणे आले, पण नेहमीच्या निम्मेच. सासूबाईंनी पोत्याला हातही लावला नाही. गड्याला म्हणाल्या, "परत ने. कमी घ्यायला आम्ही काही चुकलो नाही."

दुसऱ्या दिवशी पुरे दाणे आले.