हसनभाईंची किल्ली

विमानातून बहरीन दिसलं तेव्हा वाटलं, एवढंसं बेट, दोन दिवसांत पाहून संपेल! खाली उतरून बॅग उघडली तर भाच्यासाठी नेलेलं कोकमाचं आगळ सांडून माझ्या चांगल्या साड्या लालभडक. भाचा तिथं सित्राच्या तेल रिफायनरीत इंजिनिअर. हसत म्हणाला, "मावशी, इथं सगळं मिळतं गं." मेल्यानं आधी सांगायला काय झालं होतं!

दुसऱ्या दिवशी त्यानं मला जुन्या बाजाराच्या वेशीवर, बाब अल बहरीनपाशी सोडलं. सोन्याची, कापडाची दुकानं बघता बघता उन्हानं टाळू तापली. एका गल्लीत सुक्या बोंबलांचा वास आला आणि पाय आपोआप तिकडे वळले.

दुकान हसनभाईंचं. मूळचे दापोलीकडचे. त्यांच्या वडिलांनी तांदूळ आणि कोकम विकत इथं बस्तान बसवलं, आता हे आणि मुलगी सना. मी कोकम मागितलं, तर आधी करक (दाट दुधाचा चहा) आला, मग घरची तांदळाची भाकरी नि कोलंबीचं सुकं. मग काय, मी रोज जायला लागले.

"गावी जाता की नाही?" एकदा विचारलं.

"आपा आहे तिथं. मोठी बहीण. आई लवकर गेली, तिनंच वाढवलान मला. आता दिसत नाही तिला. फोनवर एकच विचारते, हसन, येतोस कधी?"

"मग जा की!"

"आणि दुकान?"

"अब्बा, आय विल मॅनेज," सना म्हणाली.

"ऐकलंत? मराठी सगळं समजतं, पण तोंड उघडलं की इंग्रजी! शुक्रवारी कंपनीच्या बसनं आपली माणसं येतात, त्यांना घरच्यासारखं बोलणारं कोणी नको?" वडिलांनी किल्ली हातात दिली, तेव्हापासून शटर हसनभाईंशिवाय कुणी उघडलेलं नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. "हसनभाई, दुकान कुठं पळून जात नाही. आपा थांबणार आहे का?"

ते उठून कोकम तोलायला लागले. मला फार वाईट वाटलं. पण दोन दिवसांनी सनानं मोबाइलवर तिकीट दाखवलं. अब्बांचं, माझ्याच विमानाचं!

विमान सकाळचं होतं. सगळा वेळ ते घड्याळ बघत होते. "आता शटर वर गेलं असेल." "आता गिऱ्हाईक आलं असेल." मुंबईला उतरलो, बॅगांची वाट बघत उभे राहिलो, त्यांनी खिशात हात घातला आणि चेहरा पांढराफटक पडला.

"या अल्लाह! किल्ली माझ्याकडंच!"

रात्री कुलूप लावलं, किल्ली नेहमीसारखी खिशात. त्यांनी फोन लावला. स्पीकरवर सना चक्क मराठीत बोलली.

"अब्बा, दुसरी किल्ली मी केव्हाच करून ठेवलीय. तुमची तुम्ही खिशात घालून जाणार, ठाऊक नव्हतं काय मला? दुकान उघडलंय. गिऱ्हाईक उभं आहे, ठेवते."

हसनभाई हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मलाही रडू आवरेना. मी बहरीनमध्ये काय काय पाहिलं, ते घरी सांगेनच. पण हा चेहरा कसा सांगू?

"खलास," असं म्हणून त्यांनी किल्ली बॅगेच्या तळाशी टाकली. मग बाहेर पडलो आणि ते रस्त्याकडे बघत, नव्या माणसासारखे बावरून उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "दापोलीची गाडी हल्ली कुठनं मिळते हो?"